स्पेक्ट्रमची स्क्रीन बिघडली तर आधी बॉर्डर बघा, मग सोल्डरगन उचला

सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आला. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून त्याचीच परवान्याची आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम+’ या नावाने विकली. गोव्यातल्या घरात माळ्यावरून निघणारं यंत्र बहुधा हेच असतं, नाहीतर आखातात किंवा इंग्लंडात नोकरीला असलेल्या कुणीतरी बॅगेतून आणलेलं मूळ रबरी बटणांचं. खालची माहिती या ४८केच्या (४८ किलोबाइट मेमरीच्या) बोर्डांची आहे. लिस्बनच्या नातेवाइकांकडून आलेला टाइमेक्सचा टीसी २०४८ दिसायला आणि वागायला भाऊबंद असला, तरी त्यात यूएलएच्या (चित्र तयार करणाऱ्या सिंक्लेअरच्या खास चिपच्या) जागी वेगळी चिप आहे आणि कंपोझिट व्हिडिओ आधीपासूनच मिळतो, म्हणून पिन नंबर त्याला लावू नका.

स्क्रीन आली नाही की लोक पहिला आळ यूएलएवर घेतात, कारण चित्र तीच काढते. ती मिळायला अवघड, महाग आणि बहुतेक वेळा निर्दोष असते. तिची पाळी सर्वांत शेवटी येते.

उघडण्याआधी

अ‍ॅडॉप्टर. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअर लागतात आणि प्लगच्या मधल्या पिनेला निगेटिव्ह असतो. घरात पडलेले राउटरचे, सेटटॉप बॉक्सचे अ‍ॅडॉप्टर जवळजवळ सगळे मध्ये पॉझिटिव्हचे असतात. ते खुपसलंत तर पुढचा लेख वाचायची गरज उरणार नाही. गिटारच्या पेडलचा अ‍ॅडॉप्टर मात्र नेमका ९ व्होल्टचा आणि मध्ये निगेटिव्ह असतो. गोव्यात वाद्यांच्या दुकानात तो सहज मिळतो. फक्त त्यावरचा अँपिअरचा आकडा वाचून घ्या, कारण पेडलला अर्धा अँपिअरही पुरतो, स्पेक्ट्रमला नाही. निदान दीड अँपिअरचा घ्या आणि लावण्याआधी मल्टिमीटरने पोलॅरिटी तपासा.

मूळ अ‍ॅडॉप्टर जड, ट्रान्सफॉर्मरवाला असतो. मोकळा मोजला तर तो १२ ते १४ व्होल्ट दाखवतो. त्याने दचकू नका, यंत्र जोडल्यावर आकडा खाली येतो. पण आतला फिल्टर कपॅसिटर वाळला असेल तर स्क्रीनवर दोन आडव्या सावल्या हळूहळू वर किंवा खाली सरकताना दिसतात. हा दोष बोर्डाचा नव्हे.

टीव्ही. मूळ यंत्र आरएफ (अँटेनाच्या सॉकेटला जाणारा) सिग्नल देतं, यूएचएफ चॅनेल ३६ वर. नव्या टीव्हीत अ‍ॅनालॉग ट्यूनर असला तरी सिग्नल जरा कमकुवत झाला की तो चित्र बंद करून निळी स्क्रीन दाखवतो, आणि चांगल्या यंत्रावर ‘मेलं’ असा शिक्का बसतो. त्यामुळे निदान करायचं तर मॉड्युलेटर (व्हिडिओचा आरएफ बनवणारी डबी) बाजूला ठेवून कंपोझिट (टीव्हीच्या एव्ही सॉकेटला जाणारा) सिग्नल थेट काढा. यासाठी झाकण उघडावं लागतं; ते कसं, ते पुढच्या भागात. मॉड्युलेटरच्या डबीत बोर्डावरून दोन तारा जातात, एक ५ व्होल्टची आणि दुसरी व्हिडिओची. दोन्ही सोडवा. डबीच्या आत आरसीए सॉकेटच्या मधल्या टोकाला येणारा रेझिस्टर त्या टोकापासून तोडा. मग व्हिडिओची तार १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून, त्याचा पॉझिटिव्ह बोर्डाकडे ठेवून, मधल्या टोकाला जोडा. ५ व्होल्टच्या तारेवर टेप गुंडाळा.

एवढं करूनही एखादा एलईडी टीव्ही चित्र घेत नाही. स्पेक्ट्रम ३१२ ओळींची, इंटरलेस नसलेली फ्रेम सेकंदाला ५०.०८ वेळा पाठवतो. काही टीव्ही आणि बरीच कॅप्चर कार्डं ती नाकारतात. म्हणून हाताशी एक जुना ट्यूबवाला टीव्ही ठेवावा. त्याची पाठ मात्र उघडू नका, आतला हाय व्होल्टेज भाग बंद केल्यावरही झटका देतो. रंगीत अक्षरांच्या कडेला मुंग्या चालल्यासारखी सळसळ दिसते तीही बिघाड नाही. ४८केमध्ये रंगाची फ्रिक्वेन्सी आणि पिक्सेलची फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या क्रिस्टलवरून येतात, त्यामुळे ती राहणारच.

आपल्या हवेचा भाग

किनाऱ्याजवळच्या घरात चार पावसाळे काढलेल्या बोर्डावर पहिला शत्रू चिप नसून हिरवा थर असतो. मागचा एज कनेक्टर (जोडउपकरणं लावायची बोर्डाची कड), मॉड्युलेटरच्या डबीचे पाय आणि चिपांचे सॉकेट या तीन जागी तो आधी धरतो. खालचे स्क्रू काढून झाकण उचलताना सावकाश, कारण कीबोर्डच्या दोन रिबन बोर्डाला जोडलेल्या असतात आणि इतक्या वर्षांनी त्या पापडासारख्या तडकतात. सरळ वर ओढून काढा आणि बाजूला ठेवा. कीबोर्डशिवायही यंत्र सुरू होऊन सिंक्लेअरची कॉपीराइटची ओळ दाखवतं.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ दातब्रशने बोर्ड घासा. एज कनेक्टरवर पांढरा खोडरबर पुरे, सँडपेपर नको. (फेणी घरात असली तरी ती बोर्डासाठी नव्हे. तिच्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं.) सॉकेटमधल्या चिपा काढून, पाय पुसून, दोनदा दाबून-काढून परत बसवा. यूएलए बहुधा सॉकेटवर असते आणि निव्वळ एवढ्याने चित्र परत येण्याचं प्रमाण चांगलं आहे. खाच कोणत्या बाजूला होती त्याचा मोबाइलवर आधी फोटो काढून ठेवा. बोर्ड पूर्ण वाळेपर्यंत वीज लावू नका; जुलै महिन्यात त्याला एक रात्र द्यावी, पंख्याखाली.

तीन व्होल्टेज

इथे घाई केली तर पुढचं सगळं निदान चुकतं. खालच्या मेमरीच्या (पहिल्या १६केच्या, चित्रही हिच्यातच साठतं) आठ चिपा, आयसी ६ ते आयसी १३, या ४११६ जातीच्या आहेत आणि त्यांना तीन वेगवेगळी व्होल्टेज लागतात. त्यातल्या कोणत्याही एकीवर मोजा. मल्टिमीटरचं काळं टोक पिन १६ वर (ग्राउंड).

पिन ९: +५ व्होल्ट. ४.७५ ते ५.२५ च्या आत हवं.
पिन ८: +१२ व्होल्ट. १०.८ ते १३.२ पर्यंत चालतं.
पिन १: −५ व्होल्ट. −४.५ ते −५.५.

५ व्होल्ट नसेल तर ७८०५ रेग्युलेटर बघा. त्याच्या इनपुटला ९ आहे आणि आउटपुट खाली बसलं आहे, शिवाय तो चटका देतोय, तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. इनपुटलाच काही नसेल तर पॉवर सॉकेट हलवून बघा, त्याचे सोल्डर जोड तडकलेले असतात.

५ आहे, पण १२ आणि −५ दोन्ही गायब, हा स्पेक्ट्रमचा सर्वांत ठरलेला आजार. ही दोन व्होल्टेज बोर्डावरचा छोटा कन्व्हर्टर तयार करतो: टीआर ४ (झेडटीएक्स६५०), टीआर ५ (झेडटीएक्स२१३) आणि तांब्याची कॉइल. चालू यंत्रात मागे इंटरफेस घातला-काढला की हे जातात, कारण एज कनेक्टरवर ९, १२ आणि −५ च्या पट्ट्या सिग्नलच्या शेजारीच आहेत. दुसरं कारण म्हणजे शॉर्ट झालेली एखादी ४११६. म्हणून ट्रान्झिस्टर बदलण्याआधी वीज काढून पिन ८ आणि पिन १६ मध्ये ओहम मोजा. चार-पाच ओहम दिसले तर चिप शॉर्ट आहे आणि नवा टीआर ४ चालू करताक्षणी जाईल. शॉर्ट नसेल तर टीआर ४ आणि टीआर ५ जोडीनेच बदला. कॉइलची तार काळी पडली असेल, वेटोळे एकमेकांना चिकटले असतील, तर तीही.

१२ आहे आणि −५ नाही, अशा अवस्थेत यंत्र चालू ठेवू नका. ४११६ ला −५ आधी मिळायला हवं. ते नसताना १२ लागलं की चिप आतून जळते. मोजा, बंद करा, मग विचार करा.

ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुरियरने येतात. मडगाव-म्हापशाला टीव्ही दुरुस्तीची जुनी दुकानं अजून तग धरून आहेत आणि तिथे ऑसिलोस्कोप असण्याचा संभव आहे. ‘जुना कॉम्प्युटर आहे’ म्हटलं की मेकॅनिक हात वर करतात. ‘दादा, ९ व्होल्टचा बोर्ड आहे, कंपोझिट व्हिडिओ येतो का एवढं स्कोपवर बघायचं आहे’ म्हटलं की काम होतं.

बॉर्डर काय सांगते

व्होल्टेज ठीक असतील तर आता स्क्रीन वाचायची. स्पेक्ट्रमच्या चित्राचे दोन भाग दोन वेगळ्या वाटेने येतात. मधला भाग मेमरीतून येतो, पत्ता १६३८४ पासून. भोवतालची बॉर्डर यूएलए स्वतः रंगवते, तिला मेमरी लागत नाही. रंग कोणता हे मात्र झेड८० (यंत्राचा मुख्य प्रोसेसर) सांगतो. आणि रॉममधला (कायमच्या मेमरीतला) प्रोग्रॅम सुरू होताच जी पहिली कामं करतो त्यात बॉर्डर पांढरी करणं आहे.

यावरून:

बॉर्डर स्थिर आणि पांढरी, मध्ये कचरा: यूएलए चालते आहे, झेड८० चालतो आहे, निदान सुरुवातीचा रॉम वाचला जातो आहे. संशय खालच्या मेमरीवर.

बॉर्डर स्थिर पण काळी किंवा दुसऱ्याच रंगाची, मध्ये न हलणारे चौकोन-पट्टे: यूएलए चित्र पाठवते आहे, पण झेड८० कामालाच लागलेला नाही. झेड८० च्या पिन ११ वर ५ व्होल्ट, पिन २९ ग्राउंड आणि पिन २६ रिसेट तपासा. रिसेट चालू केल्यावर क्षणभर खाली राहून वर जायला हवा. खालीच राहिला तर सी २७ हा छोटा कपॅसिटर गळतो आहे. दोन-पाच रुपयांचा भाग. पिन ६ वर ३.५ मेगाहर्ट्झचं क्लॉक हवं, पिन १६ वर सेकंदाला ५० वेळा येणारा इंटरप्ट. क्लॉक आहे, रिसेट वर आहे, तरी ढिम्म, तर झेड८०ए बदलून बघा. तो अजूनही स्वस्तात मिळतो. त्यानंतर रॉम.

बॉर्डरच नाही, टीव्हीवर नुसतं बर्फ किंवा ‘नो सिग्नल’: व्हिडिओची वाट तुटली आहे किंवा यूएलएला क्लॉक नाही. १४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल बघा. बोर्ड पडला असेल तर त्याचा पाय तुटलेला निघतो.

लाल रेघांचा क्षण

आता या यंत्राची खरी गंमत. सुरू होताना रॉम सगळ्या मेमरीत २ हा आकडा भरतो. पिक्सेलमध्ये २ म्हणजे दर आठ पिक्सेलमागे एक उभी रेघ, आणि रंगाच्या खात्यात २ म्हणजे काळ्यावर लाल. म्हणून निरोगी स्पेक्ट्रम चालू केला की काळ्या पडद्यावर बारीक लाल उभ्या रेघा चमकतात, पुसल्या जातात, आणि दोनेक सेकंदांत पांढऱ्या पडद्यावर सिंक्लेअरची ओळ येते. बिघडलेल्या यंत्रात हाच क्षण कोणती चिप गेली ते सांगतो. मोबाइल समोर धरून व्हिडिओ घ्या आणि फ्रेम-फ्रेम पुढे सरकवा.

प्रत्येक ४११६ एक-एक बिट सांभाळते: आयसी ६ म्हणजे डी०, आयसी ७ म्हणजे डी१, असं करत आयसी १३ म्हणजे डी७. एखादा बिट कायम वर अडकला की लाल रेघांचं रूप असं बदलतं:

डी० (आयसी ६): रेघ दुप्पट जाड आणि लालऐवजी मॅजेंटा.
डी२ (आयसी ८): जाड आणि पिवळी.
डी३ (आयसी ९): पाठ काळीऐवजी निळी, रेघा लाल, दर आठ पिक्सेलांत दोन.
डी४ (आयसी १०): पाठही लाल, रेघही लाल, सबंध चौकोन लाल दिसतो.
डी५ (आयसी ११): हिरव्यावर लाल, दोन-दोन रेघा.
डी६ (आयसी १२): दोन-दोन रेघा, नेहमीपेक्षा भडक लाल.
डी७ (आयसी १३): सगळ्याची उघडझाप.

डी१ (आयसी ७) खाली अडकला तर रेघाच येत नाहीत, पडदा काळा. बाकीचे बिट खाली अडकले तर मात्र लाल रेघा अगदी नेहमीसारख्या दिसतात, कारण २ मध्ये ते बिट शून्यच असतात. शिवाय रॉमची पुढची तपासणीही फक्त २, १, ० एवढेच आकडे वापरते, त्यामुळे डी२ ते डी७ मधला हा दोष तीही सोडून देते आणि यंत्र नंतर कोसळतं. ‘लाल रेघा ठीक, पुढे गोंधळ’ असं असेल तर डी२ ते डी७ च्या चिपांवर लक्ष ठेवा.

खातरजमा अशी करा. यंत्र चालू ठेवून आठही चिपांवर बोट फिरवा. एक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तीच. मग प्रत्येकीची पिन १४ मोजा. स्कोप नसला तरी मल्टिमीटरचा सरासरी आकडा चालतो. सात जणी एका घरात आणि आठवी ० किंवा ५ ला चिकटलेली, असं दिसलं की शोध संपला. संशयित चिपेवर चांगली चिप पाय जुळवून वर बसवण्याची युक्ती चालते, पण आतली चिप तुटलेली असेल तेव्हाच. ती अडकलेली असेल तर वरची चिप हरते, आणि निकाल फसवा येतो.

आठही चिपा एकदम वाईट दिसत असतील तर त्या वाईट नाहीत. व्होल्टेज पुन्हा मोजा. ती ठीक असतील तर आयसी ३ आणि आयसी ४ बघा, दोन्ही ७४एलएस१५७. यूएलए चित्र वाचताना मेमरीचा पत्ता स्वतः देते, झेड८० चा पत्ता मात्र या दोघांतून जातो. त्या बिघडल्या की लिहिलेलं भलत्याच जागी पडतं, आणि स्क्रीनवर आठ-आठ पिक्सेलांच्या बारीक रेघांऐवजी मोठे, पुन्हा पुन्हा येणारे ठोकळे दिसतात.

मेलेली चिप काढताना ती वाचवायला जाऊ नका. बारीक कटरने आधी सगळे पाय कापा, धड उचला, मग एकेक पाय गरम करून काढा. या बोर्डाचे ट्रॅक पातळ आहेत, सोळा पाय एकदम उपटायला गेलात तर ते सोबत येतात. जागी १६ पिनचा सॉकेट बसवा. नवी ४११६ १५० नॅनोसेकंदांची घ्या.

ओळ येते, पण…

सिंक्लेअरची ओळ आली, तरी खेळ लोड होत नाहीत, तर वरची ३२के मेमरी तपासा. कीबोर्ड लावून टाइप करा:

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

(‘पी’ बटण दाबलं की प्रिंट येतं, पीकसाठी एक्स्टेंडेड मोडमध्ये जाऊन ‘ओ’.) उत्तर ६५५३५ आलं तर रॉमच्या मते सगळी मेमरी जागेवर. ३२७६७ आलं तर वरची मेमरी पहिल्याच पत्त्यावर नापास झाली आहे आणि यंत्र १६के म्हणून चालतं आहे. मधलाच आकडा आला तर त्याच्या पुढच्या पत्त्यावर दोष. वरच्या चिपा आयसी १५ ते २२, त्यांना फक्त ५ व्होल्ट लागतं, पिन ८ वर. त्यांच्यासोबत आयसी २३ ते २६ ही लॉजिक चिपांची चौकडीही तपासावी.

चित्र ठीक पण काळंपांढरं: ४.४३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि त्याच्या शेजारचा ट्रिमर (फिरवून जुळवायचा छोटा कपॅसिटर). प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने ट्रिमर अगदी किंचित फिरवा. धातूचा जवळ नेला तरी फ्रिक्वेन्सी सरकते. रंग तयार करणारी चिप आयसी १४, एलएम१८८९, ही १२ व्होल्टवर चालते, म्हणून रंग गेले की १२ पुन्हा मोजा. पांढऱ्यावर गुलाबी किंवा हिरवट झाक असेल आणि बोर्ड इश्यू (आवृत्ती) १ किंवा २ चा असेल, तर व्हीआर १ आणि व्हीआर २ हे दोन प्रीसेट (फिरवून जुळवायचे छोटे रेझिस्टर) आहेत. आधी त्यांची जागा मार्करने खुणावून ठेवा. इश्यू ३ पासून ते नाहीत.

इथवर सगळं तपासून झालं, तरच यूएलए. पिन १४ वर ५ व्होल्ट, पिन ४० ग्राउंड. पिन १७ वर चित्राचा उजेड-अंधार, १५ आणि १६ वर रंगाचे सिग्नल स्कोपवर दिसायला हवेत. १७ वर सिग्नल नीट आहे आणि टीव्हीवर नाही, तर दोष पुढच्या ट्रान्झिस्टरांत किंवा एलएम१८८९ मध्ये. क्लॉक असूनही १७ वर काहीच नाही, तर यूएलए गेली. ती गरम असते म्हणून गेली असं समजू नका, चांगलीही हात लावायला नको इतकी तापते. वर छोटा हीटसिंक चिकटवणं शहाणपणाचं.

चित्र वीस मिनिटांनी बिघडत असेल तर झाकण उघडं ठेवून चालवा आणि बिघाड दिसताच एकेका चिपेवर फ्रीझ स्प्रेचा छोटा फवारा मारा. ज्या चिपेवर चित्र सावरतं ती बदला. दमट हवेत फवाऱ्यामागोमाग चिपेवर पाणी धरतं, म्हणून एकेका फवाऱ्यानंतर बोर्ड पुसून थोडं थांबा, नाहीतर नवाच बिघाड शोधत बसाल. दुरुस्तीनंतर झाकण लावून दोन तास चालू ठेवा आणि वरची प्रिंट-पीकची ओळ पुन्हा एकदा चालवा. आकडा तोच यायला हवा.